दोन तारखांमधलं अंतर

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरून मीठबंदर रोडच्या दिशेनं चालू लागलं की रिक्षांचा गोंगाट हळूहळू मागे पडतो आणि खाडीचा वास येऊ लागतो. कोपरीतल्या एका शाळेत शनिवारी दुपारी शिक्षक-कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण नुकतंच संपलं होतं. सगळे घरी गेले. दुसरीच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसलेली दोन माणसं तेवढी मागे राहिली.

ही दोन माणसं मी संवादासाठी उभी केली आहेत. एक आहेत गुन्हे शाखेतून निवृत्त झालेले पोलीस अधिकारी, जे आता शाळांतून बालसंरक्षणाचं प्रशिक्षण देतात. दुसऱ्या आहेत तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या मुख्याध्यापिका. त्यांच्या बोलण्यात येणारी गाजलेली प्रकरणं, तारखा आणि कायद्याची कलमं मात्र खरी आहेत. आणि त्यांच्यातला वाद तर बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर आपल्याकडच्या प्रत्येक स्टाफरूममध्ये चालू आहे.

बाई : साहेब, स्पष्ट बोलते, राग मानू नका. दोन तास मला वाटत राहिलं की मी शाळेत नाही, चौकीत बसले आहे.

साहेब : राग कसला? पण नेमकं कुठे वाटलं ते सांगा.

बाई : आमच्या बालवाडीच्या ताईंनी तुम्हाला विचारलं ना, रडणारं मूल मांडीवर घ्यायचं की नाही? जूनच्या पहिल्या आठवड्यात बालवाडीत निम्मी मुलं रडत असतात. इतकी वर्षं ताई त्यांना उचलून घेतात, नाक पुसतात, डबा भरवतात. हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आज पडला. शाळा विश्वासावर चालते, साहेब. आई सकाळी मुलाचा हात आमच्या हातात देते आणि मागे वळून न बघता लोकल पकडायला पळते. त्या विश्वासाला तुम्ही चरा पाडताय असं वाटलं.

साहेब : मी ताईंना काय उत्तर दिलं?

बाई : घ्या म्हणालात. सगळ्यांच्या देखत, मुलाला हवं असेल तोवर.

साहेब : तेवढंच. माया बंद करा असं मी कुठेच सांगत नाही. दार बंद करू नका एवढंच सांगतो. आता विश्वासाचं म्हणाल, तर माझी बहुतेक नोकरी डीबीत, म्हणजे गुन्हे प्रकटीकरण पथकात, आणि गुन्हे शाखेत गेली. घरफोड्या पाहिल्या, तिथे कडी तोडलेली असायची, खिडकीचे गज वाकवलेले असायचे. मुलांच्या प्रकरणांत मला तोडलेली कडी क्वचितच दिसली. दार आतून उघडलेलं असायचं. काका, शेजारी, क्लासवाले, नात्यातला मोठा मुलगा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. विश्वास हवाच, बाई. पण ज्याला मुलाचा घात करायचा असतो तो सगळ्यांत आधी विश्वासच कमावतो. मुलाचा नव्हे, तुमचा आणि माझा.

बाई : म्हणून सगळ्यांवर संशय?

साहेब : नाही. संशय एका माणसावर घेतला जातो, नियम सगळ्यांना सारखा असतो. बालवाडीच्या मुलींना स्वच्छतागृहात मावशीच घेऊन जाईल, हा नियम केला की कुणा शिपायाकडे तिरक्या नजरेनं बघायला लागत नाही. चांगल्या माणसाचं रक्षण नियमच करतो.

बाई : हे पटतं. पण बदलापूरनंतर काय झालं बघा. सगळ्यांची नजर गेली ती सफाई कामगारावर, रिक्षाकाकांवर, व्हॅनवाल्यावर. त्यांचे दाखले मागवले, त्यांचे फोटो काढले. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा दाखला कुणी मागितला? आणि घरातल्या मामाचा दाखला कोण मागणार? गरिबाची झडती घेतली की सगळ्यांना सुरक्षित वाटायला लागतं.

साहेब : तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. चारित्र्य पडताळणीचा दाखला म्हणजे या माणसाची अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे नोंद नाही, एवढंच. जो पकडला गेला नाही, त्याचा दाखला कोराच असतो. तरी पडताळणी हवी, आणि ती शिपायापासून संस्थाचालकापर्यंत सगळ्यांची हवी. २०२० च्या पॉक्सो नियमांत शाळेच्या कर्मचाऱ्यांसाठी ती सक्तीचीच आहे. इंग्लंडमध्ये सोहम नावाचं गाव आहे. २००२ च्या ऑगस्टमध्ये तिथे दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी तिथल्या शाळेचाच देखभाल कर्मचारी होता. चौकशीत निघालं काय, तर आधी तो ज्या भागात राहत होता तिथल्या पोलिसांकडे त्याच्याबद्दल तक्रारींवर तक्रारी आल्या होत्या, पण त्याला शाळेत नेमताना त्यातलं काहीच पुढे आलं नाही. माहिती होती, ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली नाही. तिथली पडताळणीची सगळी पद्धत त्यानंतर बदलली.

बाई : म्हणजे शेवटी कागदच.

साहेब : कागदातल्या तारखा. बाई, निवृत्त झाल्यावर मी हे काम का धरलं, ते सांगतो. मुलांच्या प्रकरणाचे कागद हातात आले की मी दोन तारखा शोधायचो. मुलानं पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, किंवा कुणाच्या तरी लक्षात आलं, ती पहिली. आणि फिर्याद नोंदली गेली ती दुसरी. या दोन तारखांच्या मध्ये कधी दोन दिवस असायचे, कधी दोन वर्षं. त्या मधल्या काळात कोण होतं हे बघत गेलो, तर वाईट माणसं फार थोडी निघाली. आई होती, आजी होती, वर्गशिक्षिका होती, डॉक्टर होते, सोसायटीचे सेक्रेटरी होते. सगळी भली माणसं. खात्री करून घेऊ, बोभाटा नको, मुलीचं पुढे कसं होईल, संस्थेचं नाव जाईल. या भल्या माणसांच्या विचारात दिवस गेले. आरोपी पकडण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. तो मधला काळ कमी करायचं काम मात्र खाकी उतरवल्यावरच करता येईल असं वाटलं.

बाई : बदलापूरला तो काळ किती होता?

साहेब : १२ आणि १३ ऑगस्ट २०२४. चार वर्षांच्या दोन मुली. गुन्हा दाखल झाला १६ ऑगस्टच्या रात्री, तोही पालक पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळल्यावर. १७ तारखेला अटक. २० तारखेला लोक रुळांवर उतरले आणि लोकल तासन्‌तास थांबल्या. घटनेची माहिती असून कळवली नाही म्हणून शाळेच्या व्यवस्थापनातल्यांवरही गुन्हा दाखल झाला, आणि पोलीस अधिकारी निलंबित झाले. इथे मला मान खाली घालावी लागते, बाई. बदलापूर काय, कोपरी काय, आयुक्तालय एकच. जिथं आयुष्य घातलं ते ठाणे पोलीस. त्या रात्री ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बसलेले आईबाप माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

बाई : त्या महिन्यात आमच्या शाळेत निम्मे पालक दुपारी स्वतः न्यायला यायला लागले. सप्टेंबरात आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला, तेव्हा फाटकाशी पालक एकमेकांना पेढे देत होते. मी काही बोलले नाही. पण घशाखाली पेढा उतरला नाही.

साहेब : २३ सप्टेंबर. मी पोलीस होतो म्हणून सांगतो, त्या दिवशी त्या मुलींच्या हातून काहीतरी गेलं. खटला चालला असता, त्यांनी जे सांगितलं ते न्यायालयात तपासलं गेलं असतं, आणि एक दिवस न्यायाधीशांनी लिहिलं असतं की या मुली खरं बोलल्या. ते लिहिलं जाणं मुलांसाठी फार मोठं असतं. मोठ्यांचा राग शमला म्हणजे मुलाला न्याय मिळाला असं होत नाही.

बाई : उच्च न्यायालयानं समिती नेमली ना नंतर?

साहेब : स्वतःहून दखल घेतली. निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्याकडे समितीचं नेतृत्व दिलं. मीरां चढ्ढा-बोरवणकरही तिच्यात होत्या. मुंबईची गुन्हे शाखा चालवलेल्या अधिकारी. गुन्ह्याचा माग काढण्यात आयुष्य गेलेलं माणूस शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या वाटेचा, बसमधल्या मावशीचा, १०९८ या बाल-मदतवाहिनीच्या फलकाचा विचार करायला बसतं, यात मला माझ्या धंद्याचा पुढचा टप्पा दिसतो.

बाई : समित्या, फलक, सीसीटीव्ही. साहेब, मी तीस वर्षं परिपत्रकं पाहिली आहेत. १० मार्च २०२२ चा शासन निर्णय आला, शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या झाल्या. किती ठिकाणी त्या खरंच बसतात? तुमच्या आजच्या प्रशिक्षणाचंही तेच होणार. हजेरीपटावर सह्या झाल्या, फोटो काढला, अहवाल जाईल. आणि मुलांना चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शिकवून आपण मोकळे. पाच वर्षांच्या पोरानं नाही म्हणायचं, ओरडायचं, पळायचं आणि येऊन सांगायचंही. मग मोठ्यांनी काय करायचं?

साहेब : म्हणूनच मी मुलांचं सत्र घेत नाही, मोठ्यांचं घेतो. मुलांशी बोलायला अर्पणसारख्या संस्था आहेत, त्या ते वर्षानुवर्षं नीट करतात. माझं गिऱ्हाईक तुम्ही. मूल सांगेल तेव्हा समोरच्या मोठ्या माणसानं पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, एवढाच माझा विषय. कारण त्या पाच मिनिटांत मी स्वतः एकदा चुकलो आहे.

बाई : तुम्ही?

साहेब : पॉक्सो यायच्या आधीची गोष्ट. नऊ वर्षांचा मुलगा होता. हो, मुलगा. लोक मुलींचंच धरून चालतात. केंद्र सरकारनं २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या पाहणीचा अहवाल काढला होता, महाराष्ट्र त्यात होता. बारा हजारांवर मुलांशी बोलले. निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सांगितला, आणि त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं. तर तो मुलगा. मी समोर बसलो, गणवेशातच. आणि डीबीत जे शिकलो तेच केलं. तोच प्रश्न फिरवून विचारायचा, वेळ पकडायची, दोन उत्तरं जुळतात का बघायचं. शेवटी विचारलं, “मग तू ओरडला का नाहीस?” बाई, त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग जमिनीकडे. पुन्हा बोललाच नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. सराईत चोराला बोलतं करण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, आणि त्या मुलाचं तोंड मी माझ्या हातानं बंद केलं.

बाई : …

साहेब : म्हणून म्हणतो, तीस वर्षांत जे कमावलं तेच मला विसरावं लागलं. आणि तुम्हालाही तेच सांगतो. चौकशी करू नका.

बाई : पण विचारल्याशिवाय कळणार कसं? उद्या एखाद्या निरपराध शिक्षकावर बालंट आलं तर?

साहेब : वर्गशिक्षिका विचारते, मग पर्यवेक्षिका, मग मुख्याध्यापिका, मग संस्थेचे दोन सदस्य, मग घरी आई, मग मामा. प्रत्येक जण आपल्या शब्दांत विचारतो. “त्यांनी इथे हात लावला का?” असं विचारलं की मूल मान हलवतं, कारण मोठ्यांना हवं ते उत्तर द्यायची त्याला सवय असते. आमच्यापर्यंत येईतो मुलाच्या शब्दांवर सात जणांच्या शब्दांचे थर चढलेले असतात. न्यायालयात आरोपीचा वकील त्या थरांवरच बोट ठेवतो. निरपराध शिक्षक असेल तर त्याचं नुकसान तुमच्या चौकशीनं होतं, आणि मूल खरं बोलत असेल तर त्याचंही. तुम्ही एकच म्हणायचं : “काय झालं ते सांग.” मग गप्प बसून ऐकायचं. त्याचेच शब्द, जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचे. पुढचं ज्याचं काम त्यानं करायचं.

बाई : आणि ज्याचं काम त्यानं तुमच्यासारखंच विचारलं तर?

साहेब : आता कायदा त्याला तसं विचारू देत नाही. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. त्यातलं कलम २४ आणि पुढची कलमं वाचा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी, साध्या कपड्यांत. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात थांबवायचं नाही. जबाबाच्या वेळी त्याचे आईवडील किंवा त्याच्या विश्वासाचं माणूस जवळ हवं. न्यायालयात वकिलानं थेट मुलावर प्रश्नांचा मारा करायचा नाही, प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातात. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो. त्याचं नाव तुमच्या टेबलाच्या काचेखाली असायला हवं. सगळीकडे हे तंतोतंत पाळलं जातं असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण निदान आज तुम्ही कलमाचा आकडा सांगून हटून बसू शकता. इस्रायलनं १९५५ मध्येच अशा प्रकरणांत मुलांशी बोलायचं काम पोलिसांकडून काढून खास शिकलेल्या माणसांकडे दिलं. आइसलँडमध्ये १९९८ पासून एक घर आहे, अगदी घरासारखं. मूल तिथे जातं, एकदाच सांगतं. डॉक्टर, पोलीस, वकील, न्यायाधीश सगळे तिथे येतात. मुलानं दारोदार फिरायचं नाही.

बाई : हे चांगलं आहे. पण माझा खरा प्रश्न अजून राहिलाच आहे. कलम १९. कळलं की कळवायचंच, नाहीतर शिक्षा.

साहेब : सहा महिन्यांपर्यंत. संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत.

बाई : शिक्षेचं भय नाही मला. माझ्या मुलीचं भय आहे. वर्गातली माझी मुलगी म्हणते आहे. सातवीतली पोरगी मधल्या सुट्टीत येऊन टेबलाशी उभी राहते. “बाई, कुणाला सांगणार नसाल तर सांगते.” घरात मिळवणारा एकटा बाप, आणि बोट त्याच्याकडेच. मी कळवलं तर उद्या चूल पेटणार नाही, आई तिलाच घराबाहेर काढील. आणि मोठ्या मुली तर अजून हुशार. एखादीचं आवडत्या मुलाशी जमलेलं असतं. संमतीच्या बाबतीत कायद्याला सतरा आणि सात सारखेच. बाईंना सांगितलं की पोलीस येणार हे कळलं की त्या बाईंशी बोलणंच बंद करतील. तुमचा कायदा मुलांचा शेवटचा कान बंद करतोय, साहेब.

साहेब : दुसऱ्या गोष्टीचं उत्तर माझ्याकडे पुरतं नाही. सतरा वर्षांच्या दोघांच्या प्रेमाला आणि सात वर्षांच्या पोरीवरच्या अत्याचाराला एकाच दावणीला बांधलं की काय होतं, ते मी पोलीस ठाण्यात पाहिलं आहे. मुलीचे वडील संतापानं फिर्याद देतात आणि मुलगी रडत असते. तो कायदा करणाऱ्यांनी सोडवायचा प्रश्न आहे, आणि तो सोडवायलाच हवा. पण पहिली मुलगी, बापाकडे बोट दाखवणारी. तिच्या बाबतीत माझं मन एक कण हलत नाही.

बाई : चूल विझली तरी?

साहेब : तुम्ही गप्प राहिलात तर ती रोज संध्याकाळी त्याच घरात परत जाते. तुमच्याकडे मन मोकळं करून परत जाते, आणि तिला एक गोष्ट कळलेली असते : सांगूनही काही होत नाही. त्यानंतर ती कुणालाच सांगणार नाही. चुलीची काळजी खरी आहे, पण ती एकट्या बाईंनी वाहायची नाही. बाल कल्याण समिती त्यासाठीच आहे, चोवीस तासांत प्रकरण तिच्यापुढे जायला हवं. पोलीस ते कोर्ट मुलाबरोबर राहणारी सहायक व्यक्ती देता येते, अंतरिम भरपाई मागता येते. आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कसलीही कारवाई होत नाही, तेही कलम १९ मध्येच आहे. खात्री पटायची वाट बघायची नसते. असं काही घडेल अशी नुसती भीती वाटली तरी कळवायचं. खरं-खोटं करणं तुमच्यावर टाकलेलंच नाही.

बाई : कागदावर सगळं सरळ असतं.

साहेब : मग कागदाबाहेरचं सांगतो. मुंबईच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र धोंडू भोसले म्हणून सहायक फौजदार होते. २००८ ते २०१५ मध्ये त्यांच्या हद्दीतून १६६ मुली हरवल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६५ शोधून काढल्या. एक राहिली. २२ जानेवारी २०१३ ला शाळेला निघालेली सात वर्षांची मुलगी. तिचा फोटो खिशात ठेवून ते २०१५ मध्ये निवृत्त झाले, आणि पेन्शनवर असताना शोधत राहिले. मंदिरं, दर्गे, स्टेशनं.

बाई : वाचलं होतं मी. सापडली ना ती?

साहेब : ४ ऑगस्ट २०२२ ला. साडेनऊ वर्षांनी, सोळा वर्षांची होऊन. आणि कुठे, तर घरापासून हाकेच्या अंतरावर, अंधेरी-जुहूच्या त्याच पट्ट्यात. ती कुणाचं तरी मूल सांभाळायला जात होती. तिथे घरकाम करणाऱ्या एका बाईंना तिनं हळूहळू आपली हकीकत सांगितली. त्या बाईंनी ती खरी मानली. फोनवर शोधलं, हरवल्याचं जुनं पोस्टर सापडलं. त्यावरच्या पाच नंबरांतला एकच चालू होता, तो शेजाऱ्याचा निघाला. त्याच दिवशी मुलगी आईकडे गेली. भोसल्यांच्या चिकाटीपुढे मी हात जोडतो, बाई. आम्हा पोलिसांत असं माणूस होतं याचा अभिमान आहे. पण मुलगी सुटली ती घरकाम करणाऱ्या बाईंनी ऐकलं म्हणून. साडेनऊ वर्षांत कितीतरी मोठी माणसं त्या पोरीच्या आजूबाजूनं गेली असतील.

बाई : त्या बाईंनी लगेच काहीतरी केलं.

साहेब : हरवल्याच्या आणि सापडल्याच्या तारखांमध्ये साडेनऊ वर्षं होती. त्यांच्याकडे आल्यावर अंतर उरलं नाही. प्रशिक्षण त्यांना कुणी दिलं नव्हतं. म्हणून तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे, की प्रशिक्षणानं माणूस तयार होत नाही. पण तुमच्या शाळेत त्या बाईंसारखं मन असलेल्या चार मावश्या नक्की असतील. त्यांना आज तुम्ही बोलावलंत का?

बाई : …नाही. शिक्षकांचंच परिपत्रक होतं. मावश्या खाली वर्ग झाडत होत्या.

साहेब : आणि मुलं सगळ्यांत आधी कुणाला सांगतात?

बाई : बरोबर आहे. पुढच्या वेळी मावश्या, शिपाई, रिक्षाकाका, सगळे. त्यांच्यावर नजर ठेवायला नव्हे. त्यांनी नजर ठेवावी म्हणून. हे मात्र माझ्या शब्दांत त्यांना सांगायला हवं, तुमच्या नाही.

साहेब : मला तेच हवं आहे. इथून दहा मिनिटांवर ठाणे स्टेशन आहे. घरून पळून आलेली मुलं तिथे उतरतात. त्यांच्याशी फलाटावर बोलायचं काम ठाण्यातच विजय जाधवांनी समतोल फाउंडेशन उभं करून वर्षानुवर्षं चालवलं. त्या मुलांना घरी न्यायच्या आधी शिबिरात ठेवतात, त्यांचं मन वळेपर्यंत. गणवेश बघून मूल पळतं, तिथे साधा कार्यकर्ता शेजारी बसतो, चहा पाजतो, अर्धा तास काही विचारत नाही. निवृत्तीनंतर मी अशा माणसांचं काम बघत बघत शिकलो. बसायचं कसं, गप्प राहायचं कसं.

बाई : मग आता मला शिकवा. ती सातवीतली पोरगी टेबलाशी उभी आहे. “कुणाला सांगणार नसाल तर सांगते” म्हणाली. नाही म्हटलं तर ती वळून जाईल. हो म्हटलं तर मी खोटं बोलले.

साहेब : खोटं वचन द्यायचं नाही, हा पहिला नियम. मी प्रशिक्षणात असं सांगतो : “मी गुप्ततेचं आश्वासन देऊ शकत नाही, परंतु तुझ्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असलेल्या व्यक्तींनाच ही माहिती दिली जाईल.”

बाई : साहेब, हे ऐकून मीच पळाले असते.

साहेब : मला कल्पना आहे. तुम्ही कसं म्हणाल?

(बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. समोर फळ्यावर शुक्रवारचा सुविचार तसाच होता. मग त्या बाकावर थोड्या पुढे सरकल्या, जणू शेजारी कुणी बसायला येणार आहे.)

बाई : मी म्हणेन, “बस इथे. गावभर काही जाणार नाही, ही माझी जबाबदारी. पण बाळा, तुला त्रास होतोय असं मला कळलं, तर तो थांबवायला मला एक-दोन माणसांची मदत घ्यावीच लागेल. ती माणसं कोण, ते तुला आधी सांगेन. तुला नकळत काही करणार नाही. आता सांग, किंवा नुसती बस. मधली सुट्टी संपली तरी चालेल.”

साहेब : आणि ती उठून गेली तर?

बाई : तर उद्या मधल्या सुट्टीत मी त्याच टेबलाशी असेन. परवाही. हे तिला दिसलं पाहिजे. पण तिनं सांगितलं, की मी त्याच दिवशी कळवीन. मन खाईल माझं, चुलीचा विचार येईल, तरी त्याच दिवशी.

साहेब : पुन्हा एकदा सांगा बरं. सावकाश.

बाई : का?

साहेब : लिहून घेतो. सोमवारी कळव्याला एका शाळेत सत्र आहे. तिथे माझं वाक्य नको, हे सांगेन.

साहेबांनी खिशातली छोटी वही काढली. खात्यातली सवय, आधी वर कोपऱ्यात तारीख आणि वेळ घातली. मग बाई सांगत गेल्या आणि ते एकेक शब्द जसाच्या तसा लिहीत गेले. मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.